मागणी पहाटे घालायची असते

माऊन, ८ जुलै १९९६

मामा,

हे पत्र तू स्वतः वाच. चष्मा सापडत नसेल तर सापडेपर्यंत थांब, पण मास्तरकडे नेऊ नकोस. मास्तरनं वाचून दाखवलेलं पत्र संध्याकाळपर्यंत आपल्या शोशोंगच्या शेळ्यांनाही पाठ झालेलं असतं.

नोव्हेंबरात मी घरातून निघालो तेव्हापासून आपल्यात बोलणं नाही. त्या दिवशी मामीबद्दल मी जे बोललो ते बोललो. ते इथे उकरत नाही. कामाचं तेवढं लिहितो.

कॉलेज मी सोडलं. सुटलं नाही, सोडलं. गावात वेगळंच काहीतरी सांगत असतील, मी बँकेत खुर्ची फेकली वगैरे. खुर्ची मी फेकली नव्हती. जोरात सरकवली, ती काचेला लागली. गोराता ज्या खिडकीवर बसायची तिच्या शेजारची काच. कुणाला इजा झाली नाही. तेव्हापासून मी इथे माऊनला आहे, पाहुण्यांना जंगल दाखवायची गाडी चालवतो. पगार वेळेवर होतो. झोप लागते.

आज दुपारी एका जोडप्याला आणायला विमानतळावर गेलो. कागदावर लिहिलं होतं: श्री. व सौ. बाकांग मोसेकी, गाबोरोनी. खाली सहलीचे मुक्काम: ख्वाई, सावुती, कसाने आणि शेवटी सरहद्दीपलीकडचा धबधबा. आपल्या देशातली माणसं पैसे मोजून हत्ती बघायला सहसा येत नाहीत, म्हणून ऑफिसात सगळे हसत होते. ‘ह्यांच्या आजोबांचं शेत कधी हत्तींनी खाल्लं नाही वाटतं,’ आमचा स्वयंपाकी सारेफो म्हणाला.

विमानातून सौ. म्हणून जी उतरली ती गोराता.

तीच. पलीकडच्या वस्तीतली. जिच्या घरी मागणी घालायला तू जावंस म्हणून मी तुझ्या पायाशी बसलो होतो, आणि तू बाहीला टाचलेल्या काळ्या तुकड्यावर बोट ठेवून ‘मामीचं वर्ष फिरू दे, सुतकी माणूस दुसऱ्याच्या अंगणात पाय टाकत नाही’ म्हणाला होतास, ती.

मला वाटायचं, ती पुन्हा दिसली तर माझं काहीतरी होईल. काही झालं नाही. मी बॅगा उचलल्या. बॅगा जड होत्या.

ती त्याला म्हणाली, ‘हा मोएमेदी. आमच्या गावचा. माझ्या धाकट्या भावाच्या वर्गात होता.’

वर्गात होतो हे खरं आहे.

‘मग मेव्हणाच झाला की माझा,’ तो म्हणाला आणि माझा हात त्यानं दोन्ही हातांत धरला. ‘मेव्हणे, सांभाळून घ्या. मी रस्तेखात्यातला इंजिनियर. गाढव आणि झेब्रा यांतला फरक मला फक्त रंगावरून कळतो.’

‘हो, साहेब.’

‘साहेब काय? दाजी म्हणा.’

गाडीत बसल्यावर त्यानं आपण होऊन सांगितलं, ‘कागदावर सौ. लिहिलंय ते एका तंबूसाठी हो. मागणी अजून व्हायचीय. पुढच्या महिन्यात माझे मामा-काका कान्येहून तुमच्या गावी येतील.’

‘बाकांग, सगळं सांगायलाच हवं का?’ गोराता म्हणाली.

‘मेव्हण्यापासून काय लपवायचं?’

मामा, म्हणजे तिच्या दारात अजून कुणी गेलेलं नाही. तू आधी जा. वर्ष फिरायला ऑक्टोबर उजाडेल, तोवर सगळं संपलेलं असेल. मी स्वतः तिच्या काकांपुढे उभा राहू शकत नाही. स्वतःची मागणी स्वतः घालणारा म्हणजे ज्याला कुणी नाही तो. मला आई नाही, बाप नाही, पण तू आहेस. बाहीवरचं काळं एका पहाटेपुरतं काढ. जा, टोपी काढ, जमिनीवर बस, ‘पाणी मागायला आलोय’ म्हण. पुढचं तुला येतं.

ती घरी बँकेच्या प्रशिक्षणाला फ्रान्सिसटाउनला जाते असं सांगून निघाली आहे. हे कुणाला सांगू नकोस. सांगावंसं वाटलं तर सांग.

उत्तर कसानेच्या ऑफिसात पाठव. पत्ता मागे लिहिलाय.

मोएमेदी


ख्वाई, ११ जुलै

मामा,

सामानाचा ट्रक माऊनला परत जातोय, त्याच्या ड्रायव्हरकडे हे देतोय. तो तिथे पेटीत टाकेल.

काल सिंहीण दिसली, पिल्लांसकट. बाकांगनं फोटो काढले. नदीवर हत्ती होते. ते पाणी प्याले आणि गेले. जुलैची थंडी इथे फार आहे, सकाळी बादलीवर बर्फाची साय येते. मी उजाडताना उठतो, पाणी तापवतो, त्यांच्या तंबूबाहेर भांडं ठेवतो आणि ‘पाणी’ म्हणतो. आतून ‘हो’ येतं. कधी त्याचं, कधी तिचं. ह्यात अवघड काही नाही. भांडं सपाट जागी ठेवायचं, नाहीतर कलंडतं.

लोकांना वाटेल मला राग येत असेल. मलाही तसंच वाटलं होतं. रागाच्या जागी बोट दाबून बघतो, तर दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल लागतो तसं लागतं. आपला आहे हे कळतं, एवढंच.

सारेफोला शंका आहे. काल कांदा चिरताना म्हणाला, ‘पोरा, ह्या बाईकडे तू बघत नाहीस.’

‘पाहुण्यांकडे बघायचं नसतं, काका.’

‘त्या जर्मन म्हातारीकडे बघायचास की. तिच्या टोपीवरून आठवडाभर हसलास. हिच्याकडे एकदासुद्धा नाही. एवढं न बघायला माणसाला मेहनत पडते.’

‘तुम्ही कांदा चिरा.’

‘मी चिरतोच आहे. डोळ्यांना पाणी तुझ्या येतंय.’

पाणी आलं नव्हतं. तो तसा बोलतो.

आता मुद्द्याचं. दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही झाडाखाली बसलो होतो. गोराता संत्रं सोलत होती. बाकांग म्हणाला, ‘मेव्हणे, एक शंका आहे. माझा मामा म्हणतो, आम्ही कान्येचे लोक आमच्या रीतीनं पहाटे जातो, पण प्रत्येक वस्तीची रीत निराळी असते. मुलीकडची रीत विचारून घे, नाहीतर दारातच अपमान व्हायचा. हिला विचारलं तर ही म्हणते, ते पुरुषांचं काम. आता तुम्हीच सांगा.’

मी म्हणालो, ‘आमच्याकडे पहाटे जात नाहीत.’

‘हो का?’

‘पहाटे दारात माणसं उभी राहिली की आमच्याकडे समजतात, कुणीतरी गेलं, मयताचा निरोप आला. बायका रडायला लागतात. ऊन चांगलं वर आल्यावर जायचं. जेवणाच्या सुमाराला.’

‘बरं झालं विचारलं. आणि टोप्या?’

‘घालूनच जायचं. उघड्या डोक्यानं आलेला म्हणजे सुतकातला.’

त्यानं मान डोलावली. मनात लिहून घेत असावा. हे सगळं माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. आधी ठरवलेलं नव्हतं. गाडीचा गिअर पडावा तसं एकामागून एक पडत गेलं.

गोरातानं सालं विस्तवात टाकली.

मामा, तिला रीत माहीत नाही असं होणारच नाही. तिच्या थोरल्या बहिणींना त्याच अंगणात मागितलं. दिवस डोक्यावर आल्यावर, टोपी घालून जो येईल, त्याला तिचे काका बसायला सांगणार नाहीत. उलट म्हणतील, गुरं विकायला आलात का, बाजार तिकडे आहे. आणि हे सगळं ठाऊक असून ती गप्प बसली. का बसली ते तू मला सांग. मला तर एकच अर्थ लागतो.

कान्येची माणसं परत जातील. दार मोकळं राहील. तू फक्त वेळेवर जा.

मोएमेदी


सावुती, १४ जुलै

मामा,

इथून पत्र कधी निघेल सांगता येत नाही. पहिलं तुला मिळालं असेल. दुसरंही मिळालं असं धरून चालतो.

वाटेत गाडी वाळूत रुतली. सावुतीच्या वाटेवर सगळ्यांचीच रुतते. मी टायरला लाथ घातली. बाकांगला वाटलं हवा बघतोय, म्हणून त्यानंही दुसऱ्या टायरला घातली आणि म्हणाला, ‘ह्यात आहे.’ मग बूट काढून तो गुडघ्यांवर बसला आणि हातांनी वाळू उपसायला लागला. मी नको म्हणालो. तो म्हणाला, ‘गावाकडे असे रस्ते मीच बांधलेले असतात, मेव्हणे. पापाचं प्रायश्चित्त.’ आम्ही मोपानेच्या फांद्या तोडून चाकांखाली घातल्या. गोरातानं गाडी चालवली, आम्ही दोघांनी मागून ढकलली. आमचे खांदे एकमेकांना लागत होते. गाडी निघाली तेव्हा आम्ही दोघंही तोंडावर पडलो आणि तो पडल्या पडल्या हसत सुटला.

त्याला शिवी द्यायला काहीतरी सापडावं म्हणून मी शोधतोय. घोरतो. बाकी सापडलं नाही.

काल गोराता माझ्याशी बोलली. बाकांग वारुळावर चढून फोटो काढत होता तेव्हा, गाडीमागे, पाण्याच्या पिंपापाशी. गावाबद्दल बोललो. तुझी तब्येत विचारली. विशेष काही नाही.

तू जा, मामा. मी पुन्हा पुन्हा तेच लिहितोय ते तू विसरशील म्हणून नाही. तू टाळशील म्हणून. ‘बघू’ म्हणशील. ‘गाय व्यायची आहे’ म्हणशील. मामी आजारी होती तेव्हाही तू महालाप्येच्या दवाखान्यात न्यायला ‘उद्या बघू’ म्हणायचास, आणि आता तिच्यासाठी वर्षभर काळं लावून बसलायस. नाही, हे मी मागेही बोललो होतो. खोडत नाही, खोडलं तर कागद फाटतो आणि दुसरा कागद नाही.

सकाळी ज्वारीची आंबट पेज होती. सारेफो म्हणाला, ‘कशी झालीय?’ मी म्हणालो बरी आहे. तो म्हणाला, ‘मीठ घालायला विसरलो होतो. तुला कळतं का बघत होतो.’ मग त्यानं माझ्या भांड्यात चिमूटभर मीठ टाकलं. त्यानंतरही मला तशीच लागली.

मामी पेज ढवळताना काठी भांड्याच्या कडेवर आपटायची, तो आवाज ऐकून मी शाळेतून आल्या आल्या आधी चुलीकडे जायचो. हे का लिहिलं कळत नाही.

जा.

मोएमेदी


कसाने, १७ जुलै

मामा,

तुझं पत्र ऑफिसातल्या मुलीनं दिलं. पाहुणे होडीतून नदीवर गेले आहेत, तेवढ्या वेळात लिहितो.

तू लिहिलंयस: ‘बाहीचं काळं काढून ठेवलं. कोट धुवायला टाकला. महिनाअखेरीस जातो. लोक म्हणतील ते म्हणोत. तुझी मामी असती तर तिनं मला केव्हाच ढकललं असतं. जेवतोस का.’

एवढंच लिहिलंयस. जेवतोस का, ह्याला प्रश्नचिन्ह दिलेलं नाहीस.

मी पत्र वाचलं, घडी घातली, गाडीत तेल भरलं. मग पुन्हा वाचलं. तू खरंच काढशील असं मला वाटलं नव्हतं. तू नाही म्हणशील, आणि तू नाही म्हणालास म्हणून सगळं गेलं असं मला धरून बसता येईल, असं कुठेतरी होतं बहुतेक. आता लिहिताना दिसतंय.

जो वर्ष पुरं करत नाही त्याची गुरं लोक आपल्या विहिरीवर येऊ देत नाहीत. पाऊस लांबला तर त्याचं नाव घेतात. हे मी तुला सांगायला नको. तू दर वर्षी तुझ्याच तोंडानं दुसऱ्यांबद्दल सांगायचास.

आता सावुतीला काय झालं ते लिहितो. विशेष काही नाही, असं लिहिलं होतं. ते तसं नव्हतं.

पिंपापाशी ती बाटली भरत होती. पाणी बाटलीबाहेर जात होतं तरी तिचं लक्ष नव्हतं. म्हणाली, ‘तू त्याला खोटं का सांगितलंस?’

मी म्हणालो, ‘तू गप्प का बसलीस?’

‘त्याच्यासमोर तुझी लाज काढू? मला वाटलं, आपण होऊन जाशील आणि सांगशील, चुकलो म्हणून. काल दिवसभर वाट बघितली. तू त्याला पक्ष्यांची नावं सांगत होतास.’

‘तू थांबीन म्हणाली होतीस, गोराता.’

‘शिकून होईपर्यंत थांबीन म्हणाले होते. तू शिकणं सोडलंस. बँकेत येऊन काच फोडलीस. साहेबांनी मला महिनाभर मागच्या खोलीत नाणी मोजायला बसवलं, माहीत आहे? थांबायचं कशासाठी, ते तरी शिल्लक ठेवायचं होतंस.’

हे मला माहीत नव्हतं. नाण्यांचं.

मी म्हणालो, ‘त्याची माणसं परत गेली तर माझा मामा येईल.’

तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. रागानं नाही. गुरांच्या पायाला काय झालंय ते बघतात तसं.

‘त्याची माणसं टोप्या घालून भर दुपारी आली तर माझे काका त्यांना हाकलून देतील. बरोबर. मग मी काय करीन असं वाटतं तुला? ह्याला सोडीन? मी ह्याच्याबरोबर तशीच जाईन. न मागितलेली. मग जन्मभर ह्याच्या बहिणी म्हणतील, हिला कुणी मागायला गेलं नव्हतं, ही आपली आपण आली. मला मूल झालं तर त्यालाही म्हणतील. तू मला हे देतोयस, मोएमेदी. दुसरं काही देत नाहीयेस.’

मग तिनं बाटलीला झाकण लावलं आणि तुझी तब्येत विचारली. मी म्हणालो, बरी आहे. ती म्हणाली, ‘मामींच्या वेळेला मला यायचं होतं. सुट्टी मिळाली नाही.’

हे मी तुला लिहिलं नाही. तुला वाटत राहावं की ती माझी वाट बघतेय, म्हणजे तू जाशील.

आत्ता चौकातल्या टपरीवरून गावातल्या दुकानात फोन लावला होता. दुकानवालीला म्हणालो, ‘मामाला निरोप द्या, जाऊ नकोस. काळं परत टाच.’

‘काळं परत टाच? हा काय निरोप झाला? शिंप्याचं काम आहे का?’

‘एवढंच सांगा. त्याला कळेल.’

‘कळेल की. तो कोट दोरीवर घालून समोर बसलाय कधीचा, पाखरं हाकत. अजून काही? पैसे पडतायत तुझे.’

‘जेवतो म्हणून सांगा.’

मोएमेदी


कसाने, २० जुलै

मामा,

निरोप पोचला असेल तर काळं परत टाचलंयस ना ते कळव. दोन-चार दिवस उघडी बाही कुणी बघितली असेल तर सांग, कोट धुवायला टाकला होता. ते खरंच आहे.

सहल संपली. जोडपं आज दुपारच्या विमानानं गेलं.

काल सरहद्द ओलांडून झिम्बाब्वेत धबधब्यावर गेलो. पाहुण्यांना तिथे रेनकोट भाड्यानं मिळतात, मी आपला तसाच गेलो. ह्या दिवसांत पाणी एवढं उडतं की समोरचं काही दिसत नाही, नुसतं पांढरं. लोक येतात, भिजतात, दिसलं म्हणतात. गोराता पहिल्या वळणावरच्या बाकावर बसली, तिला पुढे यायचं नव्हतं. बाकांग म्हणाला, चला मेव्हणे, टोकापर्यंत.

टोकाला पोचल्यावर मी म्हणालो, ‘मी तुम्हाला खोटं सांगितलं.’

तो म्हणाला, ‘काय?’

धबधब्याच्या आवाजात काही ऐकू जात नाही, मामा. मी कानाजवळ जाऊन म्हणालो, ‘मागणीचं. खोटं होतं.’

‘मागचं काय?’

मग मला ओरडावं लागलं. एरवी ज्या गोष्टीसाठी माझा आवाज फुटला नसता ती मी घसा खरवडून ओरडलो. पहाटे. पहाटे जायचं. सूर्य उगवायच्या आत. टोप्या काढून. उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसायचं, ते बोलेपर्यंत बोलायचं नाही. शेजारी एक जपानी म्हातारा-म्हातारी उभी होती, त्यांना वाटलं मी धबधब्याची माहिती सांगतोय. ती दोघं जवळ येऊन ऐकायला लागली.

बाकांगच्या चष्म्यावरून पाणी गळत होतं. त्याला सगळं ऐकू गेलं होतं हे त्याच्या हनुवटीवरून कळलं. त्यानं का म्हणून विचारलं नाही. तो परत फिरला. मी मागून चाललो. वाटलं, आता वळेल आणि मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं का, हेही सांगता येत नाही. वाट निसरडी होती, मी पाय बघून टाकत होतो.

बाकापाशी पोचल्यावर तो गोराताला म्हणाला, ‘तुला माहीत होतं?’

‘हो.’

‘आणि मला केव्हा सांगणार होतीस? काकांनी हाकलून दिल्यावर?’

‘तो सांगेल असं मला वाटत होतं.’

‘आणि नसतं सांगितलं तर?’

‘तर आज मी सांगितलं असतं,’ गोराता म्हणाली. ‘रेनकोट काढ, आतून सगळा भिजलायस.’

परत येताना सरहद्दीवर शिक्का मारणाऱ्या माणसानं विचारलं, ‘कसा वाटला धबधबा?’ बाकांग म्हणाला, ‘ओला.’ तेवढंच.

कसानेच्या अलीकडे, वाटेत हत्ती उभे होते म्हणून मी गाडी बंद केली, तेव्हा तो मागच्या सीटवरून बोलला. मेव्हणे म्हणाला नाही. ‘मोएमेदी,’ म्हणाला, ‘माझे मामा-काका म्हातारे आहेत. कान्येहून तुमचं गाव लांब. पहाटे तिच्या दारात पोचायचं तर आदल्या रात्री गावातच मुक्काम हवा. तुमच्याकडे लॉज आहे का एखादं?’

‘नाही.’

‘मग लोक काय करतात?’

‘कुणाच्या तरी अंगणात झोपतात. ओळखीच्या.’

बाकांगची आपल्या गावात एकच ओळख आहे आणि ती त्याच्यासमोर चाकावर हात ठेवून बसली होती. तो मागणार नव्हता. इतकं झाल्यावर कुठला माणूस मागेल? गोराता खिडकीबाहेर बघत होती. तीही मागणार नव्हती. हत्ती जायला तयार नव्हते.

मी म्हणालो, ‘आमच्या अंगणात झोपतील. माझ्या मामाचं घर तिच्या वस्तीच्या अलीकडे आहे.’

आरशात मला गोराता दिसली. तिनं डोळे मिटले होते. बाकांग म्हणाला, ‘मामांना चालेल?’ मी म्हणालो, ‘विचारतो.’

म्हणून विचारतोय.

मामा, ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी कान्येहून चार-पाच म्हातारे येतील. तुला कुठे जायचं नाही. दुसऱ्याच्या अंगणात पाय टाकायचा नाही, काळं काढायचं नाही. सुतकातला माणूस आल्यागेल्याला पथारी देऊ शकतो, त्याला कुणाची ना नाही. मोठ्या खोलीत मामीची घोंगडी आहेत ती त्यांना दे. ती तू कुणाला देत नाहीस मला माहीत आहे. थंडी असेल, दे. शेजारच्या पोरीला सांगून मांस शिजवून कुटून ठेव. ते विचारतील, तुमचा भाचा कुठे असतो. गाडी चालवतो म्हण. ह्याहून जास्त सांगू नकोस, आणि मीही तिला मागणी घालणार होतो ते तर नाहीच.

तिच्या काकांबद्दल त्यांना सांगून ठेव. ते मुद्दाम उशिरा बाहेर येतात. बाहेर आले तरी हवापाण्याचं बोलतात, पाहुणे कंटाळून उठतात का बघतात. उठायचं नाही म्हणावं. उत्तर त्याच दिवशी मिळणार नाही, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. तिच्या बहिणींच्या वेळेलाही असंच झालं होतं.

तिच्या घरचे काय म्हणाले ते मला कळवू नकोस.

ऑक्टोबरात मामीचं वर्ष फिरेल. मी रजा मागितली आहे. सुतक फिटताना तुझं डोकं भादरायला भाचा लागतो, तो दुसरा कुठून आणणार आहेस? त्या दिवशी जे बोललो त्याबद्दल तेव्हाच बघू. मी आलो तर दार लावून घेऊ नकोस, किंवा घे, मी बाहेर बसेन.

एक राहिलं. आपला तांबडा कोंबडा चांदणं बघून फसतो आणि फार लवकर आरवतो. त्यावर त्यांना उठवू नकोस, म्हातारे उगाच थंडीत कुडकुडत बसतील. शेजारच्यांचा आरवला की मग उठव. आणि निघताना सगळ्यांनी टोप्या काढल्यात ना ते एकदा बघ.

मोएमेदी